पुस्तकातला हात

वडवणीच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं, की बबिता देवकते आधी त्यातली चित्रं बघते. पुस्तक विज्ञानाचं असेल तर पान उलटण्याआधीच तिच्या कपाळाला आठ्या पडलेल्या असतात. दुर्बिणीला डोळा कोणी लावलाय? परीक्षानळी कोणाच्या हातात आहे? आणि बाजूला उभं राहून कौतुकानं बघतंय कोण? चष्मेवाला गोरागोमटा मुलगा, कोट घातलेले त्याचे बाबा आणि चहाचा ट्रे घेऊन येणारी आई दिसली, की बाईंचं डोकं फिरलंच म्हणून समजा. मग ती मागच्या पानावरचा नंबर शोधते आणि प्रकाशकाला फोन लावते.

"तुमच्या पुस्तकातली पोरं कोणत्या गावची हो? आमच्याकडं असली न्हाईत."

पलीकडचा माणूस आधी हसतो, मग "नोंद घेतो मॅडम" म्हणतो, आणि पुढच्या वेळेपासून फोनच उचलत नाही. वडवणीतले लोक तिला तोंडावर बबिताताई म्हणतात आणि पाठ फिरली की भांडकुदळ. तिला दोन्ही ठाऊक आहे. भांडायला कारण आहे म्हणून ती भांडते, आणि ते कारण चांगलं जुनं आहे.

बबिता धनगराची पोर. बाप म्हाळू वर्षातले कितीतरी महिने मेंढ्यांमागे, त्यामुळे हिची शाळा तुकड्यातुकड्यांनी झाली. अशाच एका शाळेत गुरुजींनी विज्ञानाच्या पुस्तकातलं एक चित्र वर्गाला दाखवलं होतं. खांद्यावर घोंगडी, वाढलेली दाढी, समोर आजारी मेंढी, आणि तिच्यावरून लिंबू उतरवणारा धनगर. धड्याचं नाव अंधश्रद्धा. गुरुजी म्हणाले, "बबिता, उभी ऱ्हा. तुमच्यात असंच करतात ना गं?" वर्ग खो खो हसला. त्याच आठवड्यात बबिताची आई ताराबाई जनावरांच्या डॉक्टरनं दिलेलं औषध बाटलीनं एकेका मेंढीच्या घशात ओतत होती. त्याचं चित्र कोणी काढलं नाही. अख्ख्या पुस्तकात धनगर एकदाच आला आणि तो मूर्ख म्हणून आला. उद्याच्या दह्यासाठी विरजण राखून ठेवावं तसा तो राग बबितानं आजवर राखून ठेवलाय.

तर ही बबिता वाचनालय सांभाळते, आणि वाचनालयाचे अध्यक्ष आहेत सुंदरराव. बागायती शेती, पंचायत समितीत वजन, गावातल्या प्रत्येक कोनशिलेवर नाव. तिची कटकट ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. एक दिवस ते स्वतःहून आले.

"बबिता, पुण्याचे एक संपादक आपले पाहुणे हायेत. पोरांसाठी विज्ञानाचं पुस्तक काढायलेत. खेड्यातल्या पोरांनी केलेले प्रयोग, फोटोसकट. आता सांग, कोणाचा प्रयोग घ्यायचा?"

बबिताला क्षणभर खरंच वाटेना. मग तिनं नाव सांगितलं, आपल्या भाचीचं. संगीता, परमेश्वरची, म्हणजे तिच्या भावाची मुलगी. आईबाप मेंढ्यांमागे फिरतात म्हणून शाळेसाठी आत्याकडे राहते. आठवीत आहे.

प्रयोग साधा होता, पण पोरीनं तो स्वतःच्या डोक्यानं केला होता. दिवसभर कोकरं जाळीच्या कुंपणात, म्हणजे वाघरात, कोंडलेली असतात. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की कोकरं सोडतात, आणि त्या गदारोळात प्रत्येक मेंढी बरोबर आपलंच कोकरू शोधते. हे वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या फिरत्या तळावर, सगळ्यांनी जन्मापासून बघितलेलं. संगीतानं विचारलं, कशावरून शोधते? दिवाळीच्या सुट्टीत तिनं एक कोकरू पोत्याआड ठेवून ओरडू दिलं. दुसऱ्याच्या अंगाला परक्या मेंढीचं दूध चोळलं. मेंढी लांबून आवाजावर धावत यायची, पण जवळ आली की हुंगल्याशिवाय थानाला लागू द्यायची नाही. संगीतानं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हे न अडखळता सांगितलं होतं.

फोटो काढायची तारीख ठरली तेव्हा परमेश्वरचा वाडा गोदावरीकाठी पोहोचला होता. दिवाळी झाली की तो तिकडे जातो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण पुण्याहून येणाऱ्या कॅमेरेवाल्याला सवड तेव्हाच होती. सुंदररावांनी बाजारातून एक मेंढी आणि एक कोकरू आणवलं. संगीता धुतलेला गणवेश घालून, केसांना चापूनचोपून तेल लावून गेली. मनगटात आजीनं कवडी ओवून बांधलेला काळा दोरा होता. संध्याकाळी परत आली ती हवेतच.

"आत्या, लई फोटो काढले! आरोहीचे बी काढले. कोकरू लई हात-पाय झाडत होतं, मंग मीच धरलं."

आरोही म्हणजे सुंदररावांची नात, संगीताच्याच वर्गातली. बबितानं तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी एकदा मनासारखं घडत होतं, त्यात खोट काढावीशी वाटली नाही.

पुस्तकांचा गठ्ठा आला त्या दुपारी वाचनालयात कोणी नव्हतं. बबितानं सुतळी कापली, पान उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्ण पानभर आरोही. अंगात पांढरा कोट, डोळ्यांवर नंबर नसलेला चष्मा, समोर कोकरू. खाली लिहिलेलं : "मेंढी कोकराला कशी ओळखते? छोटी शास्त्रज्ञ शोधते उत्तर!" संगीता कुठे आहे? बबितानं पुस्तक पुढून मागं, मागून पुढं चाळलं. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं ते एवढंच : "सहकार्य : मेंढपाळ कुटुंब, वडवणी." पोरीचं नावसुद्धा नाही. लिंबू उतरवायला माणूस हवा होता तेव्हा घोंगडीसकट धनगर सापडला होता. शोध लावायची वेळ आली तेव्हा मात्र तो सापडेना!

शाळा सुटल्यावर संगीता धावतच आली. तिनं पान उघडलं, बराच वेळ बघितलं. आणि पोरगी हसली.

"आत्या, हे बघ! हा माझा हात हाय!"

खरंच होता. फोटोच्या कडेनं एक हात आत आला होता आणि त्यानं कोकराची मान धरली होती. मनगटात काळा दोरा, दोऱ्यात कवडी. तिथंच फोटो कापलेला.

"मैत्रिणींना दाखवते. आजीला फोनवर सांगू?"

बबिताला आरोहीच्या फोटोनं आला नव्हता तेवढा राग या हसण्यानं आला. "हात? एवढ्यावर खूश व्हायलीस? तुझा प्रयोग, तुझी अक्कल, आन् तुला दिला काय तर हात?"

"तुला काहीच आवडत न्हाई," संगीता रडकुंडीला येऊन म्हणाली. "कोणाचा हात तरी येतो का पुस्तकात?" ती पुस्तक छातीशी धरून निघून गेली.

बबिता तशीच सुंदररावांच्या ओसरीवर गेली.

"तात्या, प्रयोग संगीताचा. फोटो आरोहीचा कावून?"

सुंदरराव निवांत सुपारी कातरत होते. "सगळ्यांचे काढले गं. त्यातला जो खुलून दिसला तो त्यांनी घेतला. विज्ञानाचं पुस्तक हाय, शहरात जाणार. चेहरा जरा बरा लागतो."

"संगीताच्या चेहऱ्याला काय झालं?"

"आता तूच समजून घे की. आन् आरोही का परकी हाय? गावाचंच नाव झालं ना? पुढच्या आवृत्तीत बघू तुझ्या पोरीचं." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "उद्या प्रकाशन हाय. चार लोकांत तोंड उघडू नको. वाचनालयात तुला बसवलंय ते मी."

चेहरा बरा लागतो! ज्या पोरीनं डोकं चालवलं तिचा चेहरा चालत नाही, आणि जिनं नुसता कोट घातला तिचा चालतो. अशा माणसाच्या हातात वाचनालय, शाळा, सगळं आहे. आणि बबिताची चूल त्याच नोकरीवर पेटते, म्हणून ती मूग गिळून घरी आली. त्या गिळण्याचाही तिला संताप आला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात मांडव होता. संपादक बोलायला उठले. "पुस्तकात आपल्यासारखं कोणी दिसलं, तरच मुलाला वाटतं की हे मलाही जमेल. खेड्यातल्या, कष्टकऱ्यांच्या मुली विज्ञानात दिसल्या पाहिजेत." बबिता मागे हार-तुरे घेऊन उभी होती. हे तिचंच बोलणं, फोनवर वर्षानुवर्षं घसा फोडून सांगितलेलं. तेही उचललं होतं! टाळ्या पडल्या. तिला वाटलं हातातला हार त्या माईकवर फेकावा.

मग प्रात्यक्षिक. आरोही पांढरा कोट घालून पुढं आली. मेंढी-कोकरू याही वेळी बाजारातूनच आणलेलं. आरोहीनं कोकराला हात लावला मात्र, त्यानं अशी लाथ झाडली की ती दचकून मागं सरली. लोक हसले. आरोहीचा चेहरा पडला. तिचा तरी काय दोष, तिला कोणी विचारलं होतं?

सुंदरराव खुर्चीतूनच ओरडले, "अगं ए संगे! ये, धर जरा कोकरू!"

संगीता पोरांच्या रांगेतून उठली. बगलेत तेच पुस्तक होतं. ती कोकरापाशी आली, वाकली, तिचा हात सवयीनं त्याच्या मानेकडे गेलासुद्धा. कॅमेरेवाला लगबगीनं पुढं झाला आणि म्हणाला, "बाळ, तू थोडी बाहेर सरक. फक्त हात येऊ दे."

संगीता थांबली. तिनं आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या आत्याकडे. आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी न्हाई धरणार."

"कावून गं?" सुंदररावांचा आवाज चढला.

"प्रयोग माझा हाय."

मांडवात कुजबुज झाली. कोकरू सुटलं आणि खुर्च्यांच्या पायांतून पळालं. संपादक चष्मा सावरत पुढे झुकले आणि शेजारी विचारू लागले, "ही मुलगी कोण?"

ज्या माणसानं पुस्तक काढलं, तो विचारत होता ही कोण! बबितानं हार टेबलावर आपटले आणि तोंड उघडलं. पण तिच्याआधी संगीतानं पुस्तकाचं ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं होतं. कवडी बांधलेला हात तिनं चित्रातल्या हाताशेजारी ठेवला.

"ही मी हाय. पुस्तकात मनगटापस्तोर. बाकीची हितं उभी हाय."

संपादक कधी पानाकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले. सुंदररावांनी बबिताकडे बोट रोखलं, "तुझ्याकडं उद्या बघतो." बबितानं कमरेची वाचनालयाची किल्ली काढून नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवली. "उद्या कशाला, आताच बघा," ती म्हणाली, आणि संगीताच्या शेजारी जाऊन उभी राहिली.