उपवासाची पोर

दवाखान्यातल्या गोळ्या संपतात, किस्से संपत नाहीत! घाटनांदूरजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. दुष्काळाची वर्षं, अर्धा गाव ऊसतोडीला गेलेला. तरी आमच्याकडे रोज नवा नमुना.

पुण्याहून नवे डॉक्टर आले. वाळलेली बाई दिसली की विचारायचे, "जाड व्हायची भीती वाटते का?" ऊस तोडून परतलेल्या एका मावशीने तोंडाला पदर लावला. "सायब, तशी काय सोय हाय का सरकारची? माजं नाव लिवा की!" तो प्रश्न डॉक्टरांनी पुन्हा कुणाला विचारला नाही.

दूध सोसायटीच्या चेअरमनची सून जेवली की घरामागे जाऊन ओकायची. सासूने तपासणीआधीच पेढे वाटले! मीही दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू? दिवस गेलेच नव्हते. जेवण अंगी लागू नये म्हणून मुद्दाम ओकते, असं सुनेनेच सांगितलं. सासू भडकली, "आता वाटलेले पेढे काय माघारी मागू?" तिने सुनेला पुन्हा दवाखान्यात आणलं नाही.

एकदा चारा छावणीतून महादू पळत आला. "सायब, म्हस सकाळधरनं वैरणीला तोंड लावीना!"

"अहो, मी माणसांचा डॉक्टर!" एवढ्यात त्यांना दारात भिंतीला टेकलेली पोरगी दिसली. नुसती हाडं. "ही कोण?"

"पुतनी हाय, सुमन. आईबाप ऊसतोडीला गेलेत. तिला काय न्हाई झालं, पावसासाठी उपास धरलाय. लई देवाची पोर!"

आता आपल्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी. ही मात्र भगरीकडेही बघेना. "पोट भरल्यागत वाटतंय," एवढंच म्हणे. पाळी थांबलेली. असंच चाललं तर पोर हातची जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. महादू म्हणाला, "पर समदं गाव पाया पडतंय तिच्या!"

तिला सलाईन लावून ठेवलं. दुपारी गावातल्या बाया नारळ घेऊन हजर! सुमनच्या पायांवर डोकी ठेवली, कुणी तिची वेणी घातली, कुणी उशाशी बसून राहिली. माझं टाळकंच फिरलं. सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्यापुढे भगरीची ताटली ठेवली.

"खा गं बाई, एक घास."

सुमनने घास उचलला आणि दाराकडे बघत राहिली.

"सिस्टर, मी जेवाया लागले तर बी ह्या येतील का?"