जानाईची ओटी

सुनयना घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायला आली तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. नवरा, धनाजी, ट्रकवर. चार-चार दिवस बाहेर. शेजारीण म्हणाली, "वाशीच्या मार्केटात लसूण निवडायला बाया लागतात. वेणूबाईला भेट, तीच बाया कामाला लावते. हिवरवाडीची हाय ती. स्वतःच्या गावाकडची बाई दिसली की नाही म्हणत नाही."

वेणूबाई गाळ्याच्या दारात लसणाच्या ढिगापाशी बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुठली गं?"

सुनयना माण तालुक्यातली, हिवरवाडीचं नुसतं नाव ऐकलेली. पण तोंडातून निघून गेलं, "हिवरवाडीची."

वेणूबाईचा हात थांबला. "कुणाची?"

"जाधवांची."

"वरल्या आळीची का खालल्या?"

"खालल्या."

"मग मावशी नगं म्हणू, आत्या म्हण. तुझ्या बापाच्या गावची लेक मी." आणि तिनं सरकून गोणपाटावर जागा केली.

काम मिळालं, माणसंही मिळाली. जेवताना वेणूबाई तिच्या भाकरीवर ठेचा ठेवायची, मंगळवारच्या भजनाला शेजारी बसवायची. भावांशी बिनसल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. म्हणून विचारायची, "विहिरीला पाणी असतंय का गं उन्हाळ्यात?" असतं, सुनयना म्हणायची. "देवळाम्होरली चिंच?" आहे की. म्हातारी खूश व्हायची. पोटासाठी एकदा खोटं बोलले, देव समजून घेईल, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. पण आता तर रोजच बोलत होती.

चैत्रात वेणूबाईनं तिच्या हातात पिशवी दिली. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. "आपल्या हिवरवाडीच्या जत्रेला जाऊन ये. माझं गुडघं एस्टीत बसू देत न्हाईत. माझ्या नावानं जानाईची ओटी भर."

"आमाला ताप आला तरी सुट्टी न्हाई, आन् भाचीला जत्रा!" पलीकडं लसूण निवडणारी भागीरथी म्हणाली.

"तुझ्या गावाला जत्रा कुठली? हाय तो दारूचा गुत्ता!" वेणूबाई म्हणाली, तशा सगळ्या हसल्या.

घरी येऊन सुनयनानं पिशवी देव्हाऱ्यापुढे ठेवली. दिवा लावायला हात पुढे होईना. हिवरवाडी विचारत-विचारत गाठता आली असती, ओटीही पोचली असती. पण देवीपुढे उभं राहायचं ते कुणाची लेक म्हणून?

दुसऱ्या दिवशी बाकीच्या यायच्या आत तिनं पिशवी वेणूबाईसमोर ठेवली. "मी तिथली नाही. गाव बघितलंही नाही. कामासाठी बोलले."

वेणूबाई म्हणाली, "म्हंजे चिंच?"

"मला माहीत नाही."

वेणूबाईनं पिशवी ओढून मांडीवर घेतली, वर पदर टाकला. "बस. माल पडलाय."

एवढ्यात भागीरथी आली. "अगं, गेली न्हाईस?"

सुनयनाच्या आधी वेणूबाईच बोलली, "सुतक पडलंय तिच्या भावकीत. ओटी चालत न्हाई. दहा दिवस भजनालाबी यायची न्हाई ती."

आयुष्यात एक मंगळवार न मोडलेली बाई आपल्यापायी देवीच्या ओटीवरून खोटं बोलली! त्यापेक्षा चारचौघींत तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सुनयनानं ते सुतक खरंच पाळलं. ना भजन, ना दिवा. तिसऱ्या दिवशी धनाजी आला. अंधारा देव्हारा बघून चपला काढता-काढता थबकला.

"कोण गेलं गं?"