अर्धं शटर
वडील गेले, तो बाजाराचा दिवस होता. दिग्रसच्या मेन रोडवर आमचं पुस्तकांचं दुकान होतं. जुन्या जिनिंग फॅक्टरीपासून नदीकाठच्या स्मशानापर्यंत गावातून जाणारा तोच एक रस्ता. तिथून कुणाची मयत निघाली की वडील शटर अर्धं खाली ओढत आणि ती पुढे जाईपर्यंत दारात उभे राहत. त्या दिवशी गर्दी पाहून काका आईला म्हणाले, "वहिनी, बायपासनं नेऊ. बाजारात फसून जाऊ." आई म्हणाली, "जनमभर साऱ्यायच्या मयतीले शटर वढलं त्यायनं. आता त्यायलेच चोरावानी बाहीरून कायले नेता?" मग बाजारातूनच निघालो. मडकं धरून मी पुढे होतो. सरकीचा वास, मिरचीचा ठसका, भाजीवाल्यांचा ओरडा. आमच्याकडे कुणी पाहणारच नाही, असं वाटलं. तेवढ्यात कापडाच्या दुकानाचं शटर खडखडलं, मग सराफाचं, मग त्याच्या पुढचं. तो आवाज आमच्या पुढे पुढे नदीपर्यंत गेला. आता मयती गाडीतून बायपासनं जातात. आईही तशीच गेली. दुकानात मी एकटा बसतो आणि शटर दिवसभर वरच असतं.