लवंगांची बाग आणि न मागितलेली सही

ठाण्याहून निघालो तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, टॅक्सीच्या खिडकीशी वाकले आणि एवढंच म्हणाले, "सुधा, राजीनामा देऊ नको. बिनपगारी रजा घे." मी नुसती मान हलवली. राजीनामा चार दिवसांपूर्वीच देऊन झाला होता, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. नौपाड्यातल्या शाळेत मी बारा वर्षं इंग्रजी शिकवत होते. नोकरी कायम होती आणि शाळा घरापासून सात मिनिटांवर. पण तुमचे आजोबा कामाला होते ती गिरणी संपानंतर पुन्हा उघडली नाही, आणि इंडोनेशियातल्या एका सूतगिरणीने त्यांना बोलावलं. जायचं का, हे त्यांनी मला विचारलं होतं. वहीच्या पानावर दोन रकाने आखून आम्ही दोघांनी विचार केला, आणि मी हो म्हटलं. साल चौऱ्याऐंशी. तुमचे बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. टॅक्सी हलेपर्यंत ते मागच्या काचेतून अण्णांना टाटा करत राहिले.

गिरणीच्या कॉलनीत आम्ही जेमतेम वर्षभर राहिलो. तिथे सगळे आपलेच लोक होते. संध्याकाळी पत्ते, रविवारी इडली आणि सगळा वेळ परत जायच्या गप्पा. आजोबांना त्याचा कंटाळा आला. कॉलनीपासून तासाभरावर डोंगरउतारावर एक लहानसं गाव होतं. प्रत्येक घरापुढे माशांचं तळं, मागे भाताच्या पायऱ्या आणि वर लवंगांची झाडं. तिथे ताती नावाच्या विधवेकडे आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ती मला इबू सुधा म्हणायची. इबू म्हणजे आई, पण तिथे कुठल्याही पोक्त बाईला तसंच म्हणतात. मीही तिला इबू ताती म्हणू लागले. पहिले सहा महिने ती रोज सकाळी विचारायची, "बेताह?" म्हणजे, इथे मन रमलं का? मी खोटं हो म्हणायचे. एक दिवस खरं हो म्हटलं, तर तिला लगेच कळलं. त्या दिवशी तिने तळ्यातला मासा आणून दिला. आम्ही मासे खात नाही, हे आठवलं तेव्हा स्वतःच हसत परत घेऊन गेली.

पुढच्या वर्षी आजोबांनी उतारावरची जमीन घ्यायचं ठरवलं. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही. त्यामुळे गावात जमीन घेणारे बाहेरचे लोक जे करतात तेच आम्ही केलं. जमीन तातीच्या नावावर, आणि ती खरी आमची आहे असा एक साधा करार आजोबांच्या आणि तिच्या सहीने. मी डाळीच्या डब्यांवरसुद्धा तारखा घालते, तुम्ही हसता त्यावरून. पण तो कागद मी कधी बघायला मागितला नाही. ताती माझी मैत्रीण होती. तिच्याच पडवीत बसून तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा मागायचा, हे मला असभ्य वाटलं. तिने मला फसवलं नाही, हे आधीच सांगते. कागद आजोबांच्या कपाटात होता, आणि त्यावर माझी सही नव्हती.

आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं आणि लवंगेची साठ रोपं लावली. लवंग म्हणजे न उमललेली कळी. झाड कळीला यायला पाच-सहा वर्षं लागतात. पहिली दोन-तीन वर्षं रोपांना सावली हवी म्हणून मधेमधे केळी लावल्या. संध्याकाळी मी गावातल्या मुलींना इंग्रजी शिकवायचे आणि त्या मला माझ्या भाषेतल्या चुका दाखवून हसायच्या. बाबा आठवीपासून डोंबिवलीला काकांकडे शिकायला गेले. ते गेल्यावर घर फार मोकळं झालं. तेव्हा पायरीवर बसून आजोबा म्हणाले, "आता तुला पुन्हा काही सोडावं लागणार नाही. म्हातारपण इथेच." मी ते वाक्य मोडून, तपासून पाहिलं नाही. खरं मानलं.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात झाडांना पहिल्या कळ्या धरल्या. त्याच वेळी बाबांची दहावी झाली आणि अकरावीच्या प्रवेशासाठी मी दोन महिन्यांकरता डोंबिवलीला आले. बरोबर एक बॅग होती. निघताना तातीला सांगून आले की तोडणी मी आल्यावर करायची, पहिला घोस मी तोडणार.

सहा आठवड्यांनी आजोबा आले. कळवलं होतं ते फक्त त्यांच्या भावाला. रिक्षातून चार ट्रंका उतरल्या. मी पहिली उघडली. आत माझे डबे होते, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. तूरडाळ, जिरं, मेथी. मेथीच्या डब्यात कुणीतरी खिळे भरले होते. मी तिथेच जमिनीवर बसले. आजोबा पाणी पीत होते. म्हणाले, जमीन आणि घर विकलं, लवंगेचा भाव पडत चाललाय, गिरणीचा करार संपतोय, मुलगा इथे आहे, आणि एमआयडीसीच्या बाजूला आपला फ्लॅटसुद्धा घेऊन ठेवलाय. सगळी कारणं बरोबर होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

हे खरं होतं. म्हणूनच ते मला आजवर पचलेलं नाही. मी नाही म्हणेन हे त्यांना माहीत होतं, आणि माझं नाही ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी मला हजारो मैलांवर पाठवून दिलं होतं. दीर आणि जाऊ दोघांनाही ठाऊक होतं, महिनाभर ते माझ्याशी नेहमीसारखे बोलत होते. तुमच्या बाबांना माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. ते सोळा वर्षांचे होते.

तातीचं पत्र महिन्याभराने आलं. तिने लिहिलं होतं, विक्रीच्या कागदावर सही करण्याआधी मी तीनदा विचारलं की इबूला माहीत आहे ना, ते म्हणाले इबू खूश आहे. त्या पत्राला उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली.

नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो. फ्लॅटचा करार आजोबांच्या आणि त्यांच्या भावाच्या नावाने झाला होता. मी स्वयंपाक करत होते, टँकरचं पाणी भरत होते, बाबांचे डबे देत होते, पण ट्रंका उघडल्या नाहीत. चारही ट्रंका पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवल्या. म्हटलं, या घराच्या कागदावर माझं नाव येईपर्यंत सामान लागणार नाही. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, बायकांची नावं कशाला लागतात कागदावर? घर काय कुणी पळवून नेतंय?" मी म्हटलं, एक नेलंय की. दीर दर रविवारी यायचे, ट्रंकेला ठेच लागली की विचारायचे, "काय वहिनी, रिझर्व्हेशन कन्फर्म झालं का?" मी म्हणायचे, वेटिंगवर आहे भावोजी, तुमचं कॅन्सल झालं की माझं होईल. आठ महिने असे गेले. पाहुणे ट्रंकांवर बसून चहा प्यायचे.

शेवटी आजोबा एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि ठाण्याला चल म्हणाले. रजिस्ट्रारच्या ऑफिसात भावोजींचं नाव काढून माझं घातलं गेलं. घरी आल्यावर मी ट्रंका उघडल्या. मेथीच्या डब्यातले खिळे पडद्यांना कामी आले.

माझी जुनी शाळा परत मिळाली नाही. कल्याणच्या एका शाळेत मी नव्या मास्तरणीच्या पगारावर सुरुवात केली, वरची बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आजोबांशी मी नीट वागले, तेही माझ्याशी. त्यांच्या शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस मीच होते. पण माफ केलं का, असं तुम्ही विचाराल तर नाही. त्यांनी ते कधी मागितलं नाही. ते देण्याचं मला कधी सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या बाबांनी कुरिअरने एक कागद पाठवला. मुखत्यारपत्र. फ्लॅट ते तुम्ही राहता तिथूनच विकतील, तुमच्याजवळ मला एक खोली असेल, बाग असेल, मला कसलीच धावपळ नको. पेन्सिलने फुल्या करून दिल्यात, कुठे सही करायची त्या जागी. फोनवर म्हणाले, "आई, तू फक्त सही कर, बाकी सगळं आम्ही ठरवलंय." आवाजात माया होती. आजोबांच्याही होती.

मी सही केलेली नाही. तुम्ही विचारता ना, आजी, तुला ठाणं घर वाटतं, ते डोंगरातलं गाव की डोंबिवली? गावाचं नाव मला नाही सांगता येणार. ज्या घरातून मला हलवायला आधी माझ्यासमोर येऊन बसावं लागतं, ते माझं घर. सध्या ते इथे आहे, तिसऱ्या मजल्यावर.

बाबांना म्हणावं, रागावले नाहीये. कागदावरच्या फुल्या खोडून टाकल्यात. तुम्ही सगळे सुट्टीत या, वही घेऊ, दोन रकाने आखू, आणि मग मला विचारा. कदाचित मी हो म्हणेन.