साखीरच्या वाळवंटात आईंची रात्र, आमच्याच विजेवर

बहरीनमध्ये हिवाळा आला की अर्धा देश तंबूत राहायला जातो. दक्षिणेला साखीरच्या माळावर नजर पोचेल तिथवर पांढरे तंबू, दिव्यांच्या माळा आणि जनरेटरची घरघर. आम्हीही दरवर्षी जातो, पण संध्याकाळी मटण खाऊन परत अदलियाच्या फ्लॅटवर. यंदा राहायचं ठरलं, ते माझ्या सासूबाईंमुळे.

आई चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. झोपेत त्यांचा श्वास अडकतो, म्हणून रोज रात्री नाकावर मास्क लावून सीपॅप मशीनवर झोपतात. मशीन बंद पडलं की दचकून उठतात आणि मग सकाळपर्यंत बसून राहतात. त्यामुळे विजेचा भरवसा नाही तिथे त्या मुक्कामाला जात नाहीत. एकदा तंबूंचे फोटो बघताना त्या सहज म्हणाल्या, "असं उघड्यावर झोपायला मला लहानपणी फार आवडायचं. आता काय, प्लग असेल तिथं माझं गाव."

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर. लग्नाआधी पुण्यात इन्व्हर्टरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. इथे आल्यापासून नोकरी नाही. त्या रात्री मी नवऱ्याला, समीरला म्हटलं, "आईंना वाळवंटात झोपवायचं. वीज मी करते."

"जनरेटर भाड्याने मिळतो की," तो म्हणाला.

"पहाटे त्याचं डिझेल संपलं तर?"

त्यावर त्याने गाडीची चावी दिली आणि म्हणाला, "काय काय आणायचं, सांग."

खरेदी नईममध्ये केली. जुन्या गल्ल्या, पार्किंग मिळालं तर नशीब, पण हार्डवेअरची दुकानं एकाला एक लागून. बारा व्होल्टच्या दोन मोठ्या लेड-ॲसिड बॅटऱ्या घेतल्या, पाणी घालायच्या प्रकारातल्या. कोणी असा बेत करणार असाल तर दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच खेपेतल्या घ्या. एक नवी आणि एक जुनी जोडली की जुनी नवीलाही घेऊन बुडते. शिवाय पॅनेलची वीज बेताने बॅटरीत सोडणारा चार्ज कंट्रोलर, जाड तारा, फ्यूज, डिस्टिल्ड वॉटर आणि एक हायड्रोमीटर. ही पिचकारीसारखी काचेची नळी असते. बॅटरीतलं ॲसिड तिच्यात ओढलं की आतला तरंगता काटा चार्ज खरंच किती झालाय ते सांगतो. सगळ्या खरेदीत स्वस्त वस्तू हीच. सोलर पॅनेल मात्र नवे घेतले नाहीत. बुदैयाला एका व्हिलातलं कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून दोन मिळाले. परतताना हायवेलगतच्या शेतावरून मुळा, कोथिंबीर आणि टोमॅटो घेतले.

गुरुवारी सकाळी निघालो. अदलियातून रिफा, पुढे अवाली, आणि मग रस्त्याच्या कडेने तेलाच्या पाइपलाइन धावायला लागतात. तासाभराच्या आत पोचता येतं. शेवटचा टप्पा कच्चा आहे. साधी कार चालते, पण टायरची थोडी हवा कमी करा आणि मऊ वाळूत ब्रेक दाबू नका. तंबूची जागा आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. आमची जागा समीरचा ऑफिसमधला मित्र शिरीष आणि आम्ही मिळून घेतली होती. शिरीष आणि त्याची बायको आधीच पोचून तंबू उभारून बसले होते.

मी कामाला लागले. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून लाकडी चौकटीवर बांधले. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून चांगले तिरके. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पायांवर वाळूच्या गोण्या. बॅटऱ्या तंबूबाहेर, सावलीच्या बाजूला, वर भोकं असलेल्या लाकडी पेटीत. चार्ज होताना त्यांच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून त्या झोपायच्या जागेत कधीच ठेवायच्या नाहीत. बॅटरीला लागूनच फ्यूज. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनेल, उलटं नाही. आई खुर्ची टाकून बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मृणाल, हातमोजे घाल गो. ॲसिड आहे ना ते?" मी घातले होते, तरी वर करून दाखवले.

शेजारच्या तंबूतले अबू युसुफ बघायला आले. पांढरी दाढी, अंगावर जाड कोट. मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा ऐटदार. हातात सिगरेट होती.

"अंकल, इधर सिगरेट मफी," मी म्हटलं. "गॅस निकलता है."

त्यांनी मुकाट्याने सिगरेट वाळूत विझवली आणि विचारलं, "जनरेटर किधर है?"

"नहीं है. सिर्फ शम्स."

त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देखेंगे," म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने त्यांच्याकडून आमच्यासाठी गरम खुब्जच्या रोट्या आणि करक चहाचा थर्मास आला.

दुपार कलायला लागली तसा कंट्रोलरचा हिरवा दिवा लागला. म्हणजे बॅटरी भरली. शिरीषने टाळी वाजवली आणि दिव्यांची माळ काढली. आईंनी मशीनची पिशवी उघडली.

मी हायड्रोमीटर काढला. पहिल्या कप्प्यात काटा खालीच. दुसऱ्यातही. बाराच्या बारा कप्पे तपासले. एकही भरला नव्हता.

"दिवा हिरवा आहे ना?" शिरीष म्हणाला.

"दिवा खोटं सांगतोय."

कारण सापडायला वेळ लागला. हा कंट्रोलर कारखान्यातून सीलबंद बॅटरीच्या सेटिंगवर येतो. ते मी बदललं होतं, पण नंतर तार सरळ करायला बॅटरीची जोडणी एकदा काढली होती, आणि तो गुपचूप मूळ सेटिंगवर गेला होता. आमच्या बॅटऱ्यांना जास्त व्होल्टेज लागतं. ते न मिळताच तो 'झालं' म्हणून मोकळा झाला. मी सेटिंग दुरुस्त केलं, परत तपासलं. पण तोवर सूर्य उतरला होता.

नवी बॅटरी पहिल्यांदा काठोकाठ भरल्याशिवाय तिच्यावर लोड टाकायचा नाही. टाकला तर तिचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. मी म्हटलं, "आज काही चालवायचं नाही. दिवासुद्धा नाही."

"एका रात्रीने काय होतंय," शिरीष म्हणाला. "नाहीतर अबू युसुफकडून एक वायर घेऊ."

मी आईंकडे पाहिलं. सगळ्यात जास्त आशा त्यांना होती. त्यांनी पिशवीची चेन ओढली आणि म्हणाल्या, "तिला कळतं त्यातलं. ती नाही म्हणते तर नाही. चल समीर, घरी सोड आम्हाला."

परतताना गाडीत मला वाईट वाटत होतं, पण आपण बरोबर आहोत याबद्दल शंका नव्हती.

शुक्रवारी सकाळी परत आलो तर माळावर धुकं. दहा पावलांवरचा तंबू दिसेना, सूर्य म्हणजे नुसता पुसट ठिपका. मी पॅनेलवरचं दव आणि धूळ फडक्याने पुसत बसले. अबू युसुफ चहा घेऊन आले, सिगरेटशिवाय. "शम्स आएगा, इंशाल्ला," म्हणाले. त्यांच्या घरच्यांनी आईंना बलालीत खायला दिलं. गोड शेवया आणि वर ऑम्लेट. आईंनी आधी दोन्ही वेगवेगळं खाल्लं, मग एकत्र खाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "वाईट नाही."

धुकं फिटलं आणि ऊन असं लख्ख पडलं की कंट्रोलरवरचा आकडा बघता बघता चढला. बॅटऱ्यांतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला. हा आवाज मला कारखान्यात असताना फार आवडायचा. ऊन तिरपं व्हायला लागलं तेव्हा परत तपासलं. बाराही कप्पे वर, आणि एकसारखे. मग चार्ज पूर्ण झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घातलं. आधी घातलं तर ॲसिड फुगून बाहेर येतं.

"आता?" आईंनी विचारलं.

"आता लावा."

मशीन थेट बॅटरीवर चालावं म्हणून वेगळा ॲडॅप्टर घेतला होता आणि त्याची वाफेची सोय बंद ठेवली होती. तीच सगळ्यात जास्त वीज खाते. दिवे आणि फोन चालतील, किटली नाही, हा नियम मी जाहीर केला. शिरीषने चहासाठी निमूटपणे गॅस पेटवला.

सकाळी मी उठले तर आई आधीच बाहेर, शाल गुंडाळून बसलेल्या.

"लागली झोप?"

"एकदा जाग आली. मशीन चालू होतं, नि बाहेर सगळ्यांचे जनरेटर बंद, काही आवाज नाही. मग थोडा वेळ तंबूचा पडदा बाजूला करून पडून राहिले. काय चांदणं गो." त्यांनी शाल ओढून घेतली. "समीरच्या बाबांना दाखवायला हवं होतं."

मी बॅटरी तपासली. निम्म्याहून खूप वरच होती. लेड-ॲसिडला निम्म्याखाली जाऊ द्यायचं नसतं, आणि आम्ही त्याच्या जवळपासही गेलो नव्हतो. मी तो आकडा समीरला दाखवला. त्याला त्यातलं फार कळत नाही, पण त्याने तो अबू युसुफना जाऊन सांगितला, आणि शिरीषला दोनदा.

आता फ्लॅटवर येऊन हे लिहितेय. बाल्कनीत बॅटऱ्या त्यातल्याच एका पॅनेलवर जोडून ठेवल्यात. लेड-ॲसिड रिकामी पडून राहिली की खराब होते. हाताच्या बोटांना अजून तारांचे चरे आहेत. किती वर्षांनी मी काहीतरी मोजलं, जोडलं, चूक शोधली आणि दुरुस्त केली. खर्च झाला, पण जनरेटरचं दोन हिवाळ्यांचं भाडं धरलं तर फिटला. जे फिटण्याच्या हिशोबात बसत नाही ते जास्त आहे.

आतल्या खोलीत आई त्यांच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलतायत. ती घाटाखालच्या वाडीत राहते, तिकडे पावसात चार-चार दिवस वीज नसते. आई म्हणतायत, "यंदा गणपतीला मी तुझ्याकडे राहायला येते. हो, रात्रीची. मशीनचं नको विचारू. आमची मृणाल येईल आधी, कौलांवर पॅनेल बसवेल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"गडी कशाला हवा?" आई म्हणाल्या. "तिला येतं."