समेटाचा गूळ

बाळापुराहून कोसभर अलीकडे, मन नदीच्या काठी, पुंजाराम नावाचा कुणबी राहत होता. दिसायला साधा, बोलायला कमी, कामाला बैल. त्याच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते त्याच्या धुऱ्यात होतं. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. पुण्याकडचे लोक बांध म्हणतात, म्हणोत. आमच्याकडे हातभर गवताची पट्टी सोडतात, तोच धुरा. अन् गवताची पट्टी वखरानं सरकवता येते.

दूर अमेरिकेत लढाई लागली आणि विलायतेला आमच्या कापसाची भूक सुटली. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कापूस पेरला, परसात पेरला, एकानं तर मसणवटीच्या कडेला पेरला. पुंजारामानं लांब पाहिलं नाही. शेजारचं वावर त्याच्या चुलतभावाचं, सहदेवाचं. पहिल्या वर्षी वखर धुऱ्यात जरासं घुसलं, दुसऱ्या वर्षी आणखी जरासं. दोन हंगामांत चार तास, म्हणजे कापसाच्या चार ओळी, सहदेवाच्या वावरातून पुंजारामाच्या वावरात आले.

सहदेव भांडला. खुशालराव पाटलाच्या चावडीवर पंच बसले. पुंजारामानं महादेवापुढचा बेलभंडार उचलला आणि शपथ घेतली, "धुरा बापजाद्यापासून इथीच हाय." बेलभंडार उचलला की पंचांना पुढं बोलता येत नाही. मग रिवाजाप्रमाणे समेट झाला. पंचानं गूळ फोडून दोघांच्या हातावर ठेवायचा, दोघांनी एकमेकांसमोर खायचा. गूळ गिळला की भांडण गिळलं. पुंजारामानं खाल्ला. सहदेवानं तोंडात टाकला, उठला आणि चावडीच्या पायरीवर थुंकला.

"गूळ गोड हाय," म्हणे, "पन गयाखाली जाऊन नाई राह्यला."

लोक ते विसरले. पुंजाराम विसरला नाही. कोणी गूळ पुढं केला की त्याचा हात मागं जाई. भीती सहदेवाची नव्हती; ज्याच्यापुढचा बेल खोटा उचलला त्याची होती. तो शिक्षेची वाट पाहत राहिला. बैल मरेल, वीज पडेल, बायको आजारी पडेल. काहीच झालं नाही. कापूस उलट दर साली चांगला येई. शिक्षा येत नव्हती आणि वाट पाहणंही संपत नव्हतं.

अशात बाळापूरच्या बाजारात, किल्ल्याखाली, त्यानं एका उपदेशकाला ऐकलं. वामनराव नाव, नगराकडचा, ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला. लोक त्याच्या 'मला-तुला' बोलीला हसत होते; आमच्याकडे 'मले-तुले' म्हणतात. तो सांगत होता, "देवानं तुमच्याशी समेट केला आहे." त्या एका शब्दाशी पुंजाराम अडकला. गर्दी पांगल्यावर तो पुढं गेला.

"म्हाराज, समेटाले पंच लागते. थो कोन होता?"

"ख्रिस्त. देवाच्या बाजूनं तोच आणि आपल्या बाजूनंही तोच."

"आन् दंड?"

"त्यानंच भरला. क्रुसावर जीव देऊन."

"ज्याचं चुकलं नाई त्यानंच दंड भरला? असा कसा पंच? फुकटात कोनी करते काय असं?"

"तो करतो."

पुंजाराम म्हणाला, "मंग गूळ कोनं खाचा?"

वामनरावाला हा रिवाज माहीत नव्हता. पुंजारामानं समजावून सांगितला. वामनराव विचार करून म्हणाला, "तुम्ही. त्यानं तो कधीचाच पुढं केला आहे."

"माह्या हातानं खोटा बेल उचलला हाय."

"हात स्वच्छ करून या, असं तो म्हणत नाही. आहे तोच हात पुढं करा."

पुंजारामानं हात पुढं करायला सारा पावसाळा घेतला. दर बाजाराला जाई, ऐके, परत येई. दसरा झाला आणि त्यानं मन नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. गावानं त्याला विहीर बंद केली. तो नदीवरून पाणी आणू लागला. गोदाबाईनं, त्याच्या बायकोनं, बाप्तिस्मा घेतला नाही. ताट वेगळं करून त्याला भाकर मात्र वाढत राहिली.

खुशालराव पाटील रस्त्यात भेटला. "काय रे पुंज्या, तारन भेटलं म्हंते तुले? आमच्यात तारन म्हंजे गहान. काय ठेवलं गहान?"

"काईच नाई, पाटील. ठेवाले काई नव्हतंच."

पाटील हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

पुंजारामाला आता झोप लागू लागली. देवाशी समेट झाला म्हणजे सगळं मिटलं, असं त्यानं धरून घेतलं होतं. इथं तो चुकला. ते गोदाबाईनं दाखवलं, चुलीपुढं बसून, भाकर थापता थापता.

"देवाशी समेट झाला थे बरं झालं. पन देवाचे तास कुठी चोरले होते तुमी? तास तं सयदेव भाऊजीचे हायेत."

पुंजारामानं घास खाली ठेवला.

त्याच हिवाळ्यात सरकारी मोजणी आली. साखळीनं वावरं मोजायची आणि धुऱ्यावर दगड रोवायचे. एकदा दगड बसला की चोरी सरकारी झाली असती. कोणाला शपथ घ्यायचीही गरज उरली नसती.

मोजणीच्या सकाळी कापूस नुकता फुटला होता. गाव धुऱ्यावर जमलं. मोजणीदारानं विचारलं, "हद्द कोणती?" पुंजाराम स्वतःच्या कापसात शिरला, चार तास ओलांडले आणि उभा राहिला.

"इथी हाय."

"अबे, बेलभंडार उचलला होता तुनं!" पाटील ओरडला.

"खोटा उचलला."

सहदेव पुढं आला. "काहून देऊन राह्यला? काय पायजे तुले?"

"काई नाई."

"फुकट?"

"फुकट."

"फुकटचं घ्याले मी काय भिकारी हाओ? पादऱ्याची काई तरी चाल हाय हे. असा फुटलेला कापूस कोनी सोडते काय?"

"म्याही असंच म्हनलो होतो त्याले," पुंजाराम म्हणाला, "पयल्यांदा."

मोजणीदाराला वेळ नव्हता. पुंजाराम उभा होता तिथंच दगड रोवला गेला.

पण सहदेवानं ते चार तास वेचले नाहीत. पुंजारामाच्या वेचणाऱ्या बाया दगडापाशी थांबल्या. सहदेवाच्या बाया दगडाच्या चार ओळी आधीच थांबल्या. मधे चार ओळी पांढऱ्याफेक उभ्या. बोंडं उमलली, कापूस लोंबला, खाली पडून मातीत मिसळू लागला. भाव आभाळाला लागलेला, आणि बाजाराला जाणारे लोक गाड्या थांबवून तो नासलेला कापूस पाहत. सहदेवाची बायको सत्यभामा घरात भांडी आपटू लागली. पुंजाराम रोज धुऱ्यावर येई, पाही, जाई. पुन्हा हात लावावा तर चोरी. 'घे' म्हणावं तर ऐकणारा नाही. देणं त्याच्या हातात होतं, तेवढं त्यानं केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सहदेव एकटा आला, पोटाला ओटी बांधून. वेचणी बायांचं काम. पुरुष ओटी बांधून आला म्हणजे कोणी पाहू नये अशी त्याची इच्छा असते. पुंजाराम धुऱ्यावर गवत कापत होता; त्यानं मान फिरवली आणि कापत राहिला. अर्धा कापूस मातेरं झाला होता. सहदेव माती झटकून एकेक बोंड वेचत एक ओळ संपवून दगडापाशी आला. मान वर न करता म्हणाला, "पुंजादादा, घरी गूळ हाय काय?"

पुंजाराम गेला आणि गोदाबाईकडून खडा घेऊन आला. दगडावर ठेवून त्याचे दोन तुकडे केले. सहदेवानं तळहात पुढं केला, मग थोडा खाली घेतला.

"शिवू नको. वरून टाक."

पुंजारामानं वरून टाकला. सहदेवानं तोंडात घातला, चावला, आणि त्याची घाटी वरखाली झाली.

"गेला," म्हणाला. "पन पानी नाई पेनार मी तुह्या हातचं."

"नको पिऊ."

सहदेवानं ओटी सावरली आणि दुसऱ्या ओळीला लागला. पुंजाराम दगडावर बसला. दुसरा तुकडा त्याच्याच हातात होता. तो त्यानं खाल्ला.