बॉयलरची काजळी आणि पिवळं कार्ड

केनियाचा संघ मैदानाच्या रेषेपाशी आला आणि तिथेच थांबला. आत पाऊल टाकेना. चेअरमनसाहेब हार धरून उभे, हलगी जोरात चाललेली, आणि समोर आमचे सात खेळाडू तोंडाला काळं फासून, हात जोडून, दात काढत स्वागताला उभे. मी सामन्याचा रेफरी. शिट्टी तोंडात होती, पण वाजवायची कशासाठी तेच कळेना.

मॅच होती केज तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यावर. दुष्काळाचं साल. ऊस नव्हता, म्हणून गाळप बंद. एरवी जिथे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, त्या मोकळ्या यार्डात चेअरमननी मॅट अंथरून आंतरराष्ट्रीय कबड्डी भरवली होती. साखर होत नाही तर निदान नाव तरी होऊ दे, असा त्यांचा विचार. पाहुण्यांना गेस्ट हाऊसवर माणशी एक बादली पाणी. आमच्या पोरांना तेवढंही नाही.

काजळीची आयडिया आमचा कप्तान भागवत याची. युसूफ वडगाव या गावचा गडी, सीझनपुरता बॉयलरवर कामाला. चढाईला गेला की हात लावून कधी परत आला ते समोरच्याला कळत नसे. राज्याच्या कॅम्पच्या यादीत त्याचं नाव होतं. कॅम्प झाला की खेळाडूंच्या कोट्यातून पक्की नोकरी लागायची आशा. सीझन बंद असताना या गोष्टीचं मोल काय, ते त्याच्या बायकोला विचारावं.

आमच्याकडे जत्रेत सोंगं काढतात, तोंडं रंगवतात, लोक कौतुकाने बघतात. भागवतने तेच डोकं इथे चालवलं. थंड पडलेल्या बॉयलरमधून काजळी खरवडली, गोडेतेलात कालवली आणि सगळ्या संघाला फासली. पावण्यास्नी घरच्यावानी वाटावं म्हणून केलं, असं त्याचं म्हणणं. ते त्याने इतक्या भाबडेपणाने सांगितलं की त्याच्या कानाखाली वाजवावी की कपाळाला हात लावावा, हे मला ठरवता येईना.

पाहुण्यांचा कप्तान ओटिएनो. उंच, शांत माणूस, तिकडे शाळेत गणित शिकवायचा. तो सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, ऑब्जेक्शन. माझं इंग्रजी सगळं रूलबुकातलं. चहा मागायला अडखळेन, पण ऑब्जेक्शन मला बरोबर कळतं. त्याला भागवतसाठी रेड कार्ड हवं होतं.

हे कार्ड प्रकरण साधं आहे. हिरवं म्हणजे ताकीद. पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर बसायचं. लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर, आणि वर रिपोर्ट. तसा रिपोर्ट गेला की कॅम्पमधलं नाव उडालंच म्हणून समजा. भागवतला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. लाल रंगाचं नाव निघताच त्याचं हसू गेलं.

"सर, आमी तर मान दिला," तो म्हणाला. मी ते रूलबुकाच्या इंग्रजीत कसंबसं सांगितलं. ओटिएनोने ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाला, "त्याला एकच विचारा. गोऱ्या लोकांचा संघ आला असता, तर त्याने तोंडाला पीठ फासलं असतं का?"

मी विचारलं. भागवत काहीतरी थाप मारणार असं मला वाटलं. मारली असती तर तीही मी गुमान इंग्रजीत सांगितली असती, पोरगा आपला होता. पण तो म्हणाला, "न्हाई सर. इस्त्रीची कापडं घालून उभा ऱ्हायलो असतो."

मी ते जसंच्या तसं ओटिएनोला सांगितलं.

एवढ्यात हार धरून हात दुखलेले चेअरमन जवळ आले. काय चाललंय ते मी सांगितलं. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोनच महिन्यांपूर्वी पाण्याच्या टँकरच्या पाळीवरून लोकांनी भर सभेत चेअरमनच्या तोंडाला काळं फासलं होतं. अख्ख्या तालुक्याला माहीत, पण त्यांच्यासमोर कुणी विषय काढत नसे. त्यांनी स्वतःच काढला.

"भागवत," ते म्हणाले, "माझ्या तोंडाला फासलं तवा मला लई घरच्यावानी वाटलं आसंल, न्हाई का?"

हलगीवाले एकदम हलगीची दोरी तपासू लागले. भागवतची मान खाली गेली ती वर येईना. तशाच मानेने तो ओटिएनोपुढे गेला आणि चुकलो म्हणाला. याचं भाषांतर करावं लागलं नाही.

ओटिएनो मला म्हणाला, तो खरं बोलला, आता कार्ड कोणतं ते तुम्ही ठरवा, पण आधी तोंडं धुवा. तोंडं धुवा म्हणे! पाणी कुठलं? साखरेची रिकामी पोती मात्र ढीगभर होती. गोडेतेल लावून पोत्यांनी तोंडं घासली. अर्धा तास घासूनही कान काळेच राहिले.

मी पिवळं कार्ड दाखवलं. पहिली दोन मिनिटं आमचा कप्तान बाहेर बसला. नंतर आत गेला, तर त्याच्या पहिल्याच चढाईत ओटिएनोने त्याचा घोटा असा धरला की आमचा संघ सामनाभर सावरला नाही. नऊ गुणांनी हरलो.

रिपोर्ट मी लिहिलाच, सगळा लिहिला. त्यात एक गोष्ट अशी होती जी फक्त मला आणि पोरांना ठाऊक होती. सकाळी काजळी फासताना मी तिथेच होतो. एकजण म्हणाला होता, "डांबर सर, तुमाला लावायची गरजच न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, आणि थांबवलं नाही. माझ्या रंगावरून तालुकाभर मला डांबर सर म्हणतात, तीस वर्षं झाली. आडनाव वाघमारे आहे, ते फक्त पगारपत्रकावर.

महिनाभराने वरून पत्र आलं. भागवतला लेखी ताकीद, कॅम्पमधलं नाव कायम. मला तीन सामने पंचगिरी बंद. निकाल बरोबर होता. मी रेफरी असतो तर हाच दिला असता.

कॅम्पला निघायच्या आदल्या दिवशी भागवत घरी आला. चहा घेतला. मग विचारलं, "सर, डांबर म्हणलं की तुमाला राग यायचा का?"

"यायचा."

"मंग कावून बोलला न्हाईत?"

"ऑब्जेक्शन घ्यायला एक कप्तान लागतो, भागवत," मी म्हणालो. "माझ्या बाजूला कुणी नव्हता."

दुसऱ्या दिवशी जाण्याआधी तो यार्डात पोरांना काय बोलला, देव जाणे. तेव्हापासून सगळे मला वाघमारे सर म्हणतात. पहिले आठ दिवस मी हाकेला वळतच नव्हतो.